दंडावरचा वण

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पन्नाशी उलटलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांच्या दंडावर वा हातावर एक वाटोळा, किंचित खोलगट वण आढळतो. नातवंडे कुतूहलाने त्यावर बोट फिरवतात आणि ‘हे काय?’ असे विचारतात. ‘देवी काढल्या होत्या’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. या तीन शब्दांत मानवी चेहऱ्याच्या रक्षणाचा एक मोठा इतिहास साठविलेला आहे.

देवीचा रोग प्राण घेई. आणि ज्यास तो सोडून देई त्याच्या मुखावर आपली खूण ठेवून जाई. कित्येकांची दृष्टी जाई. ज्यांची दृष्टी वाचे त्यांच्या गालांवर, नाकावर, कपाळावर खळगे राहत. मुलगी उपवर झाली की हेच वण मातापित्यांच्या झोपेचे वैरी होत. रोगालाच देवी मानून दारी कडुनिंबाच्या डहाळ्या बांधणाऱ्या घरात त्या वणांविषयी उघड तक्रार करण्याचीही सोय नव्हती. कारण देवीच्या कृतीस नावे कोणी ठेवावीत?

हे खळगे चेहऱ्यावरच अधिक का पडत, याचे कारण पुढे वैद्यकाने शोधून काढले. त्वचेत तेलकट द्रव पाझरविणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात व त्यांची दाटी चेहऱ्यावर फार असते. देवीचा रोग नेमका या ग्रंथींचा नाश करी आणि त्यांच्या जागी आकसलेली, खाली ओढली गेलेली त्वचा राही. तरुणपणी येणारी मुरुमेही याच ग्रंथींच्या ठिकाणी उद्भवतात. सुश्रुतसंहितेत मसूरिका आणि मुखदूषिका, म्हणजे तारुण्यपीटिका, या दोहोंची गणना क्षुद्ररोगांच्या एकाच अध्यायात केलेली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुखदूषिकेवर वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. भरून आलेल्या जखमेचा रंग पालटलेला असेल तर तो पूर्ववत करण्याचे उपायही तेथे आहेत. परंतु रंग उजळणे निराळे आणि खळगा भरून येणे निराळे. देवीच्या खळग्यांपुढे सर्व लेप हतबल ठरले.

म्हणून खरा उपाय वण पुसण्याचा निघाला नाही. तो वण न पडू देण्याचा निघाला. 1796 साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने गोस्तनदेवीची लस एका मुलाच्या हातावर टोचली. ती लस बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोचली आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस यशस्वी झाल्याचे हे पहिले उदाहरण होय. तिच्याच हातावरील फोडातून लस काढून ती पुढे इतर मुलांस देण्यात आली आणि लवकरच पुण्यासही पाठविण्यात आली.

घाटावरील खेड्यांत मात्र हे काम सोपे नव्हते. एका मुलाच्या हातावरील फोडातून लस काढून ती दुसऱ्यास टोचावयाची, अशी आरंभीची रीत होती. परक्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलास नको आणि आपल्या मुलाचा फोड दुसऱ्यासाठी फोडणेही नको, असे आक्षेप ठिकठिकाणी निघत. ते निव्वळ अज्ञानाचे होते असे म्हणता येत नाही. या रीतीने दुसरे रोगही पसरू शकत, हे पुढे डॉक्टरांनीच मान्य केले. वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली तेव्हा या आक्षेपांचा जोर ओसरला. 1892 साली मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी देवी काढण्याचा कायदा झाला. अकोल्याच्या डोंगराळ मुलुखापासून श्रीगोंद्याकडील भीमाकाठापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात लस पोचवावयाची, तर उन्हाने ती निकामी होण्याचे भय. म्हणून थंडीचे दिवस साधावे लागत. लस टोचणाऱ्यास लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणू लागले. रोगाचे नाव उपायास मिळाले आणि उपायाचे नाव माणसास.

1962 साली देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मे 1975 मध्ये भारतातील अखेरचा रोगी आढळला व 1980 साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दंडावर तो वण नाही आणि चेहऱ्यावर देवीचे खळगेही नाहीत.

आजच्या तरुणांच्या गालांवर जे खळगे दिसतात ते मुरुमांचे. सुया, औषधे व प्रकाशकिरण यांच्या योगे त्वचारोगतज्ज्ञ ते पुष्कळ उथळ करू शकतात. समूळ नाहीसे करणे आजही दुर्घट आहे. मुरुमे नखाने न फोडणे आणि ती खोलवर सुजण्यापूर्वीच उपचार घेणे, यांत चेहऱ्याचे अधिक हित आहे. आजीच्या दंडावरचा वण हेच सांगत असतो. तिच्या आईबापांनी मनातील धास्ती गिळून मुलीचा हात पुढे केला, दंडावर एक वण पत्करला, आणि तिचा चेहरा वाचविला.