पुण्याची पाच फुटी दुर्बीण आणि २४४ जोडतारे

१/ मे अखेरीस, रात्री दहाच्या सुमारास, हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाक्यावरून दक्षिण क्षितिज मोकळे दिसत असेल, तर नरतुरंगातील ‘मित्र’ हा तेजस्वी तारा जेमतेम नऊ अंश उंचीवर आढळतो. लहान दुर्बिणीतून त्या एका ताऱ्याचे दोन होतात. लंडनमधून तो कधीच दिसत नाही. जोडताऱ्यांच्या इतिहासात भारताला स्थान मिळाले, त्याचे एक कारण हे दक्षिणेचे आकाश.

२/ मित्र जुळा आहे, हे १६८९ मध्ये पुदुच्चेरीत धूमकेतू पाहताना जाँ रिशो या जेझुइट पाद्र्याच्या ध्यानात आले.

३/ परंतु जुळे दिसणे निराळे आणि जुळे असणे निराळे. काही जोड्या खरोखरच परस्परांभोवती फिरतात, हे विल्यम हर्शेलने १८०३ मध्ये दाखवले. कक्षा आणि अंतर कळले की ताऱ्यांचे वस्तुमान काढता येते. म्हणून जोडताऱ्यांची मोजमापे मोलाची ठरली.

४/ आता पुणे. पेशवाई बुडून २४ वर्षे झाली होती. १८४२ मध्ये मुंबई इंजिनिअर्समधील अधिकारी विल्यम स्टीफन जेकब याने येथे खाजगी वेधशाळा उभारली. डॉलंड बनावटीच्या पाच फुटी दुर्बिणीने १८४५ ते १८४८ या काळात त्याने २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली.

५/ पद्धत साधी, पण चिकाटीची: दोन ताऱ्यांमधील कोनीय अंतर, उत्तरेपासूनचा स्थितिकोन आणि तारीख. १८४७ मध्ये अनुराधा नक्षत्राजवळचा न्यू स्कॉर्पी हा जोडतारा प्रत्यक्षात तिहेरी असल्याचे त्याने नोंदवले. पुढे त्याचे आणखीही घटक सापडले.

६/ १८४८ च्या अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ मध्ये ‘७० ऑफियुची’ या जोडीच्या कक्षेतील विसंगतीवरून त्याने तेथे ग्रह असावा, असे अनुमान मांडले. ते टिकले नाही.

७/ १८६२ मध्ये नऊ इंची दुर्बीण आणि ब्रिटिश पार्लमेंटने मंजूर केलेले १,००० पौंड यांच्या बळावर पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी तो परतला. ८ ऑगस्टला मुंबईत उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात मरण पावला. वय ४८.

८/ अनुमान गेले, डोंगरावरची वेधशाळाही राहून गेली; नोंदींचे मोल मात्र उरले. ‘मित्र’ची एक प्रदक्षिणा सुमारे ८० वर्षांची, ‘७० ऑफियुची’ची सुमारे ८८ वर्षांची. एका निरीक्षकाच्या हयातीत ती क्वचितच पुरी होते. पूर्ण कक्षा रेखायची, तर आधीच्या पिढीने तारखेसह लिहून ठेवलेले आकडे हाताशी असावे लागतात.

९/ आज याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया प्रकल्प आकाराला येत आहे. परस्परांभोवती फिरत अखेर एकरूप होणाऱ्या कृष्णविवरांच्या जोड्या टिपणे हे त्याचे एक प्रमुख काम असेल. तोवर हाताशी लहान दुर्बीण असेल, तर सप्तर्षींतील वसिष्ठापासून आरंभ करा. शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसते. पण वसिष्ठ स्वतःही जुळा आहे. पाहिलेत की तारीख अवश्य लिहून ठेवा.