स्वस्त रायफल आणि अंबरनाथचं पितळ

आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडे मित्रांबरोबर रविवारी नेमबाजीला जायची सवय त्याला लागली आहे. परवा फोनवर मला विचारतो, "मामा, स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुठल्या कंपनीची भरवशाची, हे ठरवायचं कसं?" आता प्रश्न कोणाला, तर डोंबिवलीच्या माणसाला, ज्याने आयुष्यात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टूच्या मोजून पाच गोळ्या झाडल्या! पण प्रश्न डोक्यात राहिला. मग लक्षात आलं की आपल्या देशाने हा प्रश्न गेली साठ-पासष्ट वर्षं सोडवायला घेतलाय, आणि त्यातला एक धागा चक्क आपल्या कल्याणपुढच्या अंबरनाथमधून जातो. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं भरणं ही कामं रायफल स्वतःच करते. जुन्या थ्री नॉट थ्रीमध्ये ती हाताने, बोल्ट मागेपुढे करून करावी लागत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे अशी रायफल साध्या माणसाला मिळणं जवळजवळ अशक्यच. त्यामुळे भाच्यासारखं दुकानात जाऊन चार कंपन्या बघायचा प्रसंग येत नाही. इथे गिऱ्हाईक एकच, सरकार. आणि वापरणारा वेगळाच, जवान किंवा पोलीस शिपाई. पैसे देणारा एक आणि जीव टांगणीला लावणारा दुसरा, हे ध्यानात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास समजतो.

थ्री नॉट थ्री बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनायची. मूळ नमुना इंग्रजांचा. पण इथल्या हवेत आणि इथल्या लाकडात दस्ता चिरफळायचा, म्हणून इशापूरवाल्यांनी पुढच्या भागात एक आडवा स्क्रू घातला. तो मूळ नमुन्यात नव्हता. परदेशातले संग्राहक आज या रायफली हाताळतात तेव्हा तो स्क्रू पाहून "ही इशापूरची" असं ओळखतात. कुणाला वाटेल ठिगळ लावलंय. पण चिरफळणारं लाकूड पाहून कुणीतरी केलेला तो इलाज आहे. स्वस्त मालात असा इलाज दिसला की माझा तरी विश्वास वाढतो, कारण चूक कुठे होते हे पाहणारा माणूस त्या कारखान्यात होता.

१९६२ साली चीनशी लढताना आपल्या जवानांकडे बव्हंशी हीच बोल्टवाली रायफल होती, समोर अर्ध-स्वयंचलित हत्यारं. (अंगावर थंडीचे कपडे नव्हते, तो दोष रायफलीचा नव्हे. पराभवानंतर सगळं हत्यारावर ढकलणं सोपं असतं.) त्यानंतर एसएलआर आली, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या नमुन्यावरून इशापूरला तयार केलेली, ७.६२ मिमीची, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची. जड, लांब, पण दणकट. १९६५ आणि १९७१ ची युद्धं तिने पाहिली.

एसएलआरला गॅस रेग्युलेटर असतो. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू वळवून त्याच्या जोरावर पुढचं काडतूस भरलं जातं. किती वायू वळवायचा हे रेग्युलेटरने ठरतं. रायफल धुळीने माखली तर जास्त लागतो, स्वच्छ असेल तर कमी. म्हणजे तीच रायफल शिकवलेल्या माणसाच्या हातात भरवशाची, आणि न शिकवलेल्याच्या हातात अडकणारी! मग ब्रँड चांगला की वाईट?

पुढे आली इन्सास. तिचं डिझाइन आपल्या पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण संशोधन संस्थेचं. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याने माओवाद्यांशी लढताना इन्सास अडकल्याची तक्रार केली. आपल्या बाजूचं उत्तर असं की रायफली नीट वापरल्या आणि राखल्या गेल्या नाहीत. असा वाद मिटवायचा तर कुणीतरी मोजलेलं हवं. किती हजार गोळ्यांत किती वेळा अडकली? चिखलात, धुळीत, थंडीत, पाडून चाचणी घेतली का? अडकली ती मॅगझिनमुळे, काडतुसामुळे की नळीमुळे? "अडकली" आणि "आमची नाही अडकली" या दोन्ही वाक्यांनी काही सिद्ध होत नाही.

आणि आता अंबरनाथ. आपण लोकलमधून उल्हासनगर ओलांडून पुढे जातो, तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं नाव सगळ्यांना ठाऊक. आत काय होतं ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिथे रायफल बनत नाही, काडतुसाच्या पितळी वाट्या बनतात. त्या ओढून, लांबवून दुसऱ्या कारखान्यांत काडतूस तयार होतं. खडकी आणि जळगावकडचं वरणगाव ही काडतुसांची आपल्या राज्यातली ठिकाणं. (२०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेलं.)

ते पितळ साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. गोळी सुटताना काडतूस फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात थोडं आक्रसून सुटतं. पितळ फार कडक तर चिरतं, फार मऊ तर चिकटून बसतं. चिकटलं की रायफल अडकली. शिव्या कोणाला? रायफलीच्या कंपनीला!

यावरची एक जुनी हकीकत मला फार आवडते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेली काडतुसं न वापरताच तडकायची. पावसाळा आला की तडे, म्हणून त्याला हंगामी तडे म्हणत. पुष्कळ वर्षांनी, १९२१ च्या सुमारास, कारण नीट उलगडलं. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळावर बसे, आणि घडवताना पितळात राहिलेला ताण तिथून फुटे. उपाय साधा, ठरावीक उष्णता देऊन तो ताण आधीच काढून टाकायचा. म्हणजे भरवसा हा नळीवरच्या छापात नसून धातूच्या पोटात असतो. तो कारखान्यातल्या भट्टीवाल्याने वेळ आणि तापमान पाळलं की नाही यावर ठरतो.

हे सगळं गंभीरपणे का घ्यायचं? २६ नोव्हेंबर २००८. त्या रात्री सीएसटीच्या प्रतीक्षा दालनात दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले. आपण रोज ज्या स्थानकात उतरतो तिथे पन्नासहून जास्त माणसं गेली. समोर असलेल्या पोलिसांपैकी काहींकडे लाठ्या, काहींकडे थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली तीच रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. रायफल म्हातारी होती, पण चालली. नंतर राम प्रधान समितीच्या चौकशीत पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावाचा आणि त्यासाठीच्या गोळ्यांचा तुटवडा समोर आला. सैन्याने टाकलेलं पोलिसांना, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री नॉट थ्रीला अखेरचा निरोप २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दिला. स्वस्त पडली ती रायफल नव्हे, स्वस्त धरला तो शिपाई.

२०१९ मध्ये सैन्याने अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफली मागवल्या. काडतूस कुठलं? एसएलआरचंच, ७.६२ बाय ५१! फिरून तिथेच.

भाच्याला मी एवढंच लिहिलंय. बाबा रे, कंपनीचं नाव शेवटी बघ. आधी मॅगझिन बघ, काडतूस बघ, कुणी किती गोळ्या मोजून चालवल्या ते विचार, आणि एकदा अडकल्याची किंवा कधीच न अडकल्याची गोष्ट सांगणाऱ्याला चहा पाजून सोडून दे. आणि निवड करायला मिळतेय हे नशीब समज. आमच्या फलाटावर रात्रपाळीला उभ्या असलेल्या शिपायाला ती कधीच मिळत नाही. त्याच्यासाठी ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते, कुठल्याशा फाइलमध्ये, सर्वात कमी किमतीच्या निविदेखाली सही करून.