एक कीबोर्ड, आठ सर्व्हर: केव्हीएम स्विचची गोष्ट

आजचा भाग एका डब्याबद्दल आहे. जेवणाच्या डब्याएवढा, पुढे दोन-चार बटणं, मागे वायरींचा गुंता. त्याला केव्हीएम स्विच म्हणतात. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माउस. स्क्रीन एक, कीबोर्ड एक, माउस एक, आणि त्यांना जोडलेले कॉम्प्युटर दोन, चार, आठ, सोळा. बटण दाबलं की स्क्रीनवर दुसरा कॉम्प्युटर येतो. (इथे ऑडिओत क्लिकचा आवाज आहे. हेडफोनवर ऐका, भारी वाटतो.)

"ह्यात हिस्टरी काय आहे?" असं माझ्या फ्लॅटमेटनं विचारलं. त्याला तासभर सांगितलं. तुम्हाला थोडक्यात सांगतो.

सुरुवातीला सगळं उलटं होतं. कॉम्प्युटर एक आणि माणसं ढीगभर. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये सीडीसी ३६०० नावाचं मशीन आलं. लोक आपापले प्रोग्रॅम पंचकार्डांवर भोकं पाडून आणायचे, गठ्ठा काउंटरवर द्यायचे आणि वाट बघत बसायचे. मशीनचा वेळ सोन्याच्या भावाचा, माणसाचा वेळ काय, आहेच. पुढे ऐंशीच्या दशकात कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात एक युनिक्स मशीन आणि त्याला जोडलेले आठ-दहा टर्मिनल दिसायला लागले. तेव्हाही मशीन एकच, कीबोर्ड अनेक.

मग हे गणित फिरलं कधी? दोन गोष्टी झाल्या. १९८७ मध्ये आयबीएमनं पीएस/२ नावाची कॉम्प्युटरची मालिका आणली. कीबोर्ड आणि माउसची ती गोल पिन, आणि मॉनिटरची पंधरा पिनांची व्हीजीए, दोन्ही याच मालिकेतून आल्या. हळूहळू सगळ्या कंपन्यांनी तीच सॉकेट्स वापरायला सुरुवात केली. वायरी सारख्या झाल्या म्हणजे मध्ये डबा बसवता येतो, इतकं साधं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नव्वदच्या दशकात सर्व्हर स्वस्त झाले, पण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. सॉफ्टवेअर विकणारा म्हणायचा, "आमचं सॉफ्टवेअर वेगळ्या मशीनवर टाका, दुसऱ्या कशाबरोबर टाकलंत तर आमची जबाबदारी नाही." मग हजेरीच्या पंचिंगला एक सर्व्हर, मेलला एक, स्टोअरला एक, अँटीव्हायरसला एक. एकोणीस इंची रॅकमध्ये एक सर्व्हर फक्त पावणेदोन इंच उंच असू शकतो. अख्ख्या रॅकमध्ये असे बेचाळीस कप्पे. आणि तेव्हाचा मॉनिटर म्हणजे काचेचा ठोकळा, बारा-पंधरा किलोचा. बेचाळीस सर्व्हरना बेचाळीस ठोकळे लावायला वेगळा हॉल बांधावा लागला असता, आणि त्यांची उष्णता घालवायला एसी वेगळे.

पहिला उपाय अगदी देशी वाटेल असा होता. गोल फिरवायचा खटका, ए आणि बी. आत नुसते तांब्याचे संपर्क. खटका फिरवला की वायर इकडून तिकडे. पण ह्यानं गडबड व्हायची, आणि ती कशी ते मला फार आवडतं. रात्री लाइट गेली आणि आली. सगळे सर्व्हर एकदम सुरू व्हायला लागले. सुरू होताना प्रत्येक कॉम्प्युटर आधी विचारतो, कीबोर्ड आहे का? खटका ए वर आहे, त्यामुळे ए सुटला. बी अडकला. स्क्रीनवर संदेश काय, तर कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. अरे, कीबोर्डच नाही तर दाबू कशावर! माउसचंही तसंच. पीएस/२ चा माउस सुरुवातीला कॉम्प्युटरशी एकदा बोलून घेतो, माझं चाक आहे, मी असा असा आहे. मध्येच वायर तोडली की ते बोलणं विसरलं जातं आणि बाण स्क्रीनभर वेड्यासारखा नाचतो.

म्हणून खरा केव्हीएम स्विच खोटं बोलतो. त्याच्या आतली चिप प्रत्येक कॉम्प्युटरला सतत सांगत राहते की कीबोर्ड आहे, माउस आहे, मी इथेच आहे. आठही कॉम्प्युटरना वाटतं, माणूस आपल्यासमोरच बसलाय. प्रत्यक्षात तो एकाकडे बघत असतो, आणि कधी कधी चहाला गेलेला असतो. स्क्रोल लॉक हे बटण आठवतं? कशाला असतं कुणालाच माहीत नाही ते. बऱ्याच केव्हीएमना ते दोनदा दाबलं की कळतं, आता मशीन बदलायचंय. बिचाऱ्या बटणाला शेवटी काम मिळालं.

नावाची गोष्ट पटकन. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला सायबेक्स नावाची कंपनी होती. तिचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ मध्ये केव्हीएम हे नाव रूढ केलं असं मानतात. २००० मध्ये सायबेक्स आणि एपेक्स एक होऊन एव्होसंट झाली, २००९ मध्ये ती इमर्सननं घेतली, आणि २०१६ मध्ये त्याच धंद्याचं नाव व्हर्टिव्ह झालं. हो, तीच व्हर्टिव्ह, जिचं काम आपल्या पुण्यातही आहे. तैवानची एटेन ही दुसरी मोठी कंपनी. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत मात्र डी-लिंकचा दोन पोर्टवाला डबा जास्त दिसायचा, तपकीर गल्लीतून आणलेला.

आता चाकण. सातव्या सेमिस्टरला, २०१८ मध्ये, मी तिथल्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंटर्न होतो. नाव घेत नाही. प्रेस शॉपच्या भिंतीला लागून सर्व्हर रूम, प्रेस पडला की रॅकचं दार थरथरायचं. रॅकमध्ये आठ सर्व्हर आणि मधल्या कप्प्यात ड्रॉवरसारखा बाहेर येणारा एक स्क्रीन, खाली कीबोर्ड. खंडेनवमीला शॉपमधल्या प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. सर्व्हर रूमला एकच माळ आली, आणि ती त्या एकुलत्या स्क्रीनला घातली गेली. आठ सर्व्हर बिनमाळेचे.

तिथल्या आयटीच्या सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे, की काही टाइप करण्याआधी स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाच. त्यांनी प्रत्येक सर्व्हरचा वॉलपेपर वेगळ्या रंगाचा ठेवला होता. हजेरीचा हिरवा, डिस्पॅचचा लाल. कारण केव्हीएमवर आठही मशीन एकाच काचेतून दिसतात, सगळ्यांवर तीच विंडोज, तोच टास्कबार.

हे रंग आधीच्या वर्षीच्या एका रात्रीनंतर आले होते. तिसरी शिफ्ट, पहाटेचे तीन. आयटीत कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा एकटा होता. हजेरीचा सर्व्हर अडकला म्हणून त्यानं तो रीस्टार्ट केला, निदान त्याला तसं वाटलं. स्क्रीनवर होता डिस्पॅचचा सर्व्हर. लेबल छापायचं थांबलं. चाकणमध्ये ह्याचा अर्थ काय हे तिथल्या लोकांना सांगायला नको. मोठ्या कारखान्यांना माल साठवून ठेवायचा नसतो. पार्ट तासांच्या हिशोबानं, काही ठिकाणी तर गाड्यांच्या क्रमानं जातात. लेबल नाही तर माल गेटबाहेर नाही. गाडी उशिरा पोचली, ग्राहक कंपनीनं लाइन थांबल्याचा डेबिट लावला. पुढच्या आठवड्यात तो मुलगा कामावर नव्हता.

मला हे ऐकून जे वाटलं ते नीट सांगता यायला मला बरीच वर्षं आणि थोडं वाचन लागलं. ते वाचन होतं १९२८ चं.

त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, त्याच संपात उभी राहिली. कारणं अनेक होती, पण एक कारण अगदी मोजता येण्यासारखं होतं. एका विणकराकडे दोन साचे असायचे, मालकांना तीन हवे होते. साचा म्हणजे माग, हा गिरणगावचा शब्द. ससून समूहाच्या गिरण्यांत हे आधी सुरू झालं. सूतखात्यातही तसंच, एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा. एका माणसामागे किती मशीन, हा आकडा तेव्हा उघडपणे भांडणाचा विषय होता. संपानंतर फॉसेट समितीसमोर त्यावर साक्षी झाल्या.

आणि गंमत बघा, जवळपास त्याच काळात, १९२४ मध्ये, जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा जी प्रकारचा माग आला. एकच माणूस असे कितीतरी माग सांभाळायचा. पण धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा. माणसानं टक लावून बसायची गरज नाही, मशीनच सांगेल. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लाइनवर जे लाल-पिवळे अँडन दिवे दिसतात, ते ह्याच विचारातून आले.

केव्हीएम त्या मागासारखा नाही. आठ सर्व्हरपैकी सात अंधारात असतात आणि तुम्हाला काहीही सांगत नाहीत. तो टेबलावरची जागा वाचवतो, वायरी वाचवतो, मॉनिटरचे पैसे वाचवतो. लक्ष मात्र माणसाचंच, आणि ते आठ जणांत वाटलेलं. स्वस्तातला स्विच घेऊन "एक माणूस पुरे" म्हणणाऱ्यांनी मागाचा अर्धाच धडा उचलला, असं माझं मत आहे. त्या मुलाच्या वेळी रॅकमध्ये किती सर्व्हर आणि शिफ्टला किती माणसं, हे कुठल्याही कागदावर भांडणाचा मुद्दा म्हणून आलंच नाही. साचे मोजता यायचे. स्क्रीन एकच असला की मोजणार काय?

पुढचा इतिहास भराभर जातो. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आयपीएमआय नावाचं मानक आणलं. सर्व्हरच्या आतच एक छोटा वेगळा कॉम्प्युटर, मुख्य मशीन बंद असलं तरी जागा. तो तापमान सांगतो, पंखा बंद पडला तर कळवतो, घरबसल्या रीस्टार्ट करू देतो. म्हणजे अँडनचा दिवा एकदाचा आला. मग व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरनं दहा सर्व्हर एका मशीनच्या पोटात घातले आणि रॅक रिकामे व्हायला लागले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातलं एका हे सुपरकॉम्प्युटर जगात चौथं आलं, ११७.९ टेराफ्लॉप. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचं. एचपीच्या ब्लेड सर्व्हरचं, एका पेटीत सोळा. प्रत्येक ब्लेडला स्क्रीन लावायचा विचारही कुणी करत नाही.

आता मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं क्लाउड केंद्र २०१५ पासून चालू आहे, आणि २०२२ मध्ये त्यांनी पिंपरी-चिंचवडमध्ये २५ एकर जमीन ३२८ कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या. अशा डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर आणि जवळजवळ शून्य स्क्रीन. एखादं मशीन अगदीच मुकं झालं तर एक ट्रॉली ढकलत आणतात. तिच्यावर एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. तिला क्रॅश कार्ट म्हणतात. नाव हॉस्पिटलमधून घेतलंय, हृदय बंद पडलेल्या पेशंटकडे जी गाडी धावत नेतात तिच्यावरून.

आणि डबा? तो कारखान्यातून घरी आला. २०२० मध्ये वाकड, रावेत, मोशीच्या फ्लॅटमधल्या टेबलांवर कंपनीचा लॅपटॉप आणि स्वतःचा पीसी शेजारी शेजारी आले. सॉफ्टवेअरनंही हे जमतं, म्हणजे निदान कीबोर्ड आणि माउसपुरतं. २००१ पासून सिनर्जी आहे, मायक्रोसॉफ्टचं माउस विदाउट बॉर्डर्स आहे, अ‍ॅपलचं युनिव्हर्सल कंट्रोल आहे. पण कंपनीच्या लॅपटॉपवर आयटीवाले काही टाकू देत नाहीत, म्हणून पुन्हा डबाच. घेणार असाल तर ईडीआयडी इम्युलेशन आहे का ते बघून घ्या. तो नसेल तर प्रत्येक वेळी बदलताना कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर काढला, आणि सगळ्या विंडो एका कोपऱ्यात जाऊन बसतात.

भोसरी, चाकण, तळेगावकडे तिसऱ्या शिफ्टला काम करणाऱ्यांसाठी एक प्रश्न. तुमच्याकडे रात्री एका माणसामागे किती मशीन असतात, सर्व्हर असोत की सीएनसी? व्हॉइस नोट पाठवा, कंपनीचं नाव नको. पुढच्या भागात ते आकडे वाचून दाखवतो.