अटकेचा कागद

आमच्या वस्तीतल्या एका पोराला रात्री दीड वाजता उचललं. मी तिसरी पाळी उरकून सकाळी तसाच, केसांतल्या कापसासकट, ठाण्यात गेलो. त्याची आई पायरीवर बसलेली. म्हणाली, "बाळा, कसल्या कागदावर अंगठा घेतला माझा. काय लिवलंय कुणाला ठावं." कागद बघायला मागितला. बऱ्याच वेळानं दाखवला. अटकेचं कारण लिहायच्या रकान्यात नुसते कलमांचे आकडे. पोरानं काय केलं, कुठं केलं, कधी केलं, एक अक्षर नाही.

दोस्तांनो, या रकान्याला इतिहास आहे.

१८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. त्यात कारणाची भानगडच नव्हती. जन्म हेच कारण. सोलापूरच्या सेटलमेंटात पारधी, कैकाडी आणि तसल्या शिक्का मारलेल्या जमातींना तारेच्या आत कोंडलं. हजेरी घ्यायची आणि गिरणीत राबायला पाठवायचं. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे या तारेतल्या कामगाराला हटकून विसरतात, का ते त्यांनाच विचारा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पोलिसाच्या डोक्यातून गेला का, ते पारध्याच्या पालावर जाऊन बघावं.

आता घटनासमितीकडं या. डिसेंबर १९४८ मध्ये जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं कलम पास झालं. त्यात अमेरिकेसारखी 'ड्यू प्रोसेस' ठेवली नाही, 'कायद्यानं ठरवलेली पद्धत' एवढंच ठेवलं. म्हणजे कायदेमंडळ जी पद्धत ठरवेल ती. लोक नाराज झाले, आणि खुद्द बाबासाहेबही त्या शब्दरचनेवर खूश नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी नवं कलम मांडलं, १५-अ. जे गेलं त्याची ही भरपाई, असंच त्यांनी सभागृहात सांगितलं. अटक केलेल्याला कारण कळलं पाहिजे. आपल्या पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं पाहिजे. काही जण म्हणाले, हे तर फौजदारी कायद्यात आहेच की! बाबासाहेबांचं म्हणणं, आहे, पण साधा कायदा उद्या कुणीही बदलेल. घटनेत घातलं की विधिमंडळाचा हात तिथवर पोचत नाही. तेच आजचं कलम २२.

त्याच कलमाच्या पोटात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे. हे आपण लपवू नये. आपली माणसं तिच्याखालीही आत गेलीत.

पण गंमत बघा. भाषेचा प्रश्न पहिल्यांदा या स्थानबद्धतेतूनच सुटला. १९६१ मध्ये नागपूरच्या हरिकिसन नावाच्या माणसाला स्थानबद्ध केलं, कारणं दिली इंग्रजीत, पानंच्या पानं. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. अधिकारी म्हणाले, तोंडी समजावलंय ना, झालं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तोंडी चालणार नाही, आणि माणूस सोडला.

साध्या अटकेला मात्र हे लागू व्हायला त्रेसष्ट वर्षं गेली. मधे काय काय झालं! बिहारात माणसं खटल्याविना इतकी सडली की गुन्ह्याची पुरी शिक्षा त्यापेक्षा कमी. १९७९ चा हुसैनारा खातून निकाल त्यांचा. भागलपुरात पोलिसांनी आरोपींचे डोळे फोडले, तेव्हा कोर्ट म्हणालं, पहिल्या हजेरीलाच गरिबाला सरकारी खर्चानं वकील द्या. १९८२ मध्ये शीला बरसे मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायांना भेटल्या, त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमधली मारहाण सांगितली. त्यावरच्या १९८३ च्या निकालात पुन्हा तेच, अटक करताच कारण सांगा. पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं याचा अर्थ काय, तो तुम्हीच काढा.

१५ मे २०२४ ला प्रबीर पुरकायस्थ यांच्या निकालात कोर्टानं नेमका फरक सांगितला. छापील, कुणालाही लागू पडतील अशी कारणं वेगळी, आणि या माणसाला का धरलं ते वेगळं. दुसरं लिहून द्यायला पाहिजे. मग ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल आला. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी, त्या माणसाला कळेल अशा भाषेत. लगेच जमलं नाही तर आधी तोंडी सांगा, पण कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटकच बेकायदेशीर. हा निकाल निघाला तो वरळीच्या मोटारीच्या खटल्यातून. मासळी विकणाऱ्या जोडप्याला आलिशान गाडीनं उडवलं, बाई मेली, त्या खटल्यातल्या आरोपीच्या अर्जावर. श्रीमंताच्या वकिलानं उघडलेलं दार आहे. असू दे. आपण त्यातून आत जायचं.

आमच्या पोराला दुपारी कोर्टात नेलं. विधी सेवेच्या फुकटच्या वकीलबाईंनी जास्त बोलल्या नाहीत, एवढंच विचारलं, कारणांचा कागद आरोपीला कधी दिला? मॅजिस्ट्रेटनी फाईल दोनदा चाळली, मग फौजदाराकडं बघितलं. संध्याकाळी पोरगं घरी आलं.

कारणं लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, हेही त्याच निकालात आहे. त्याची आई अजून रात्री दीडला जागी होते.