मतानें मिळणारें आसन

ज्युबिलीच्या पुस्तकांत आपल्या देवळाचा व वाडवडिलांचा वृत्तांत वाचावयाचा. तेथें भारताच्या बिशप-परिषदेचें काय प्रयोजन, असें कोणी वाचक म्हणतील. आमचें उत्तर इतकेंच कीं, आपल्या लॅटिन विधींत बिशप येतो तो पोपसाहेबांच्या नेमणुकीनें. लोकांनीं घंटा वाजवून त्याचें स्वागत करावयाचें. परंतु ह्या बिशपांनींच मतें देऊन आपल्यांतील एकास पुढें बसवावें, असें एक आसन ह्या देशांत आहे, आणि त्यावर मुंबईचे तीन आर्चबिशप बसून गेले आहेत. तेव्हां हा वृत्तांत अगदींच परका नाहीं.

एका मेजाभोंवतीं बसणें पूर्वीं सोपें नव्हतें. साष्टी व वसईच्या लोकांस हें निराळें सांगावयास नको. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो एकीकडे, रोमेची प्रोपागांडा दुसरीकडे. एकाच मुंबई शहरांत दोन अधिकाऱ्यांचीं देवळें, आणि कोणत्या देवळांत मिस्सा ऐकावी ह्यावरून वितुष्ट! १८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं हिंदुस्थानांत रीतसर धर्मप्रांतांची व्यवस्था लाविली, तरी आपल्या भागांत दमणचे बिशप व मुंबईचे आर्चबिशप असे दोन धनी राहिलेच. १९२८ च्या करारानें दमणचा धर्मप्रांत मोडला. मात्र मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, अशी अट पडली. पाळी लावण्याची ही राजकारणी रीत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें पाळीची आणखी एक कथा यावयाची आहे, ती निराळ्या जातीची आहे.

१९४४ च्या सप्टेंबरांत मद्रासेस आर्चबिशपांची बैठक भरली व तेथें भारतीय बिशपांची परिषद स्थापन झाली. सर्व जगांत अशा परिषदा असाव्या, हा दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा आदेश १९६५ चा. आपल्या बिशपांनीं हें पाऊल त्याआधीं एकवीस वर्षें टाकिलें.

अध्यक्ष म्हणजे बिशपांवरचा बिशप नव्हे. दुसऱ्याच्या धर्मप्रांतांतील एक धर्मगुरुही त्यास बदलतां येत नाहीं. परिषदेच्या ठरावास कायद्याचें बळ यावयाचें तर दोनतृतीयांश मतें लागतात, व वर रोमेची तपासणी. मग त्याच्या हातीं राहतें काय? सभा चालविणें, सरकारदरबारीं सर्वांच्या वतीनें बोलणें, आणि मुदत सरली कीं उठणें. आमच्या मतें ह्या तिसऱ्या कामांतच आसनाची परीक्षा आहे.

मुंबईकरांपैकीं पहिले कार्डिनल वालेरियन ग्रेशियस. जन्म कराचीचा, घराणें गोव्याचें. १९५३ सालीं ते पहिले भारतीय कार्डिनल झाले व १९५४ पासून दीर्घ काळ त्यांनीं परिषदेचें अध्यक्षपद सांभाळिलें. १९६४ सालीं युखारिस्त परिषदेसाठीं पोप सहावे पॉल मुंबईस आले, तें ह्याच काळांत. दुसरे सायमन पिमेंटा, साष्टींतील मरोळचे, म्हणजे आपल्याच मातींतले. १९८२ ते १९८८ पर्यंत ते अध्यक्ष होते. पोप दुसरे जॉन पॉल १९८६ च्या फेब्रुवारींत भारतभर हिंडले, आणि पुढल्या वर्षीं, २८ मे १९८७ रोजीं, त्यांनीं भारतीय बिशपांस एक पत्र धाडिलें. लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकार ह्या तिन्ही विधींस आपापली परिषद असावी आणि सामाईक प्रश्नांपुरती ही जुनी परिषद राहावी, असा त्याचा आशय.

येथें खरा पेंच उभा राहिला. देशांतील १७० हून अधिक धर्मप्रांतांपैकीं १३० हून अधिक लॅटिन आहेत. केवळ डोकीं मोजलीं असतीं तर लॅटिन बिशपांनीं हें आसन कायमचें आपल्याकडे ठेविलें असतें, आणि कोणतीही मतमोजणी त्यांस दोष देतीना. परंतु मत देतांना विधींची पाळी राखावी, असा प्रघात पडला. १९९८ सालीं दिल्लीचे लॅटिन आर्चबिशप अॅलन द लास्टिक निवडून आले. ख्रिस्ती लोकांवर हल्ले होत होते तेव्हां ते निर्भयपणें बोलले. जून २००० मध्यें पोलंडांत मोटारीच्या अपघातानें त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून अध्यक्षपद मलंकार विधीचे सिरिल मार बसेलियोस यांजकडे आलें. मलंकार ख्रिस्तसभा रोमेशीं एक झाली ती १९३० सालीं, व तिघींत ती सर्वांत लहान!

तिसरे मुंबईकर कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस. २०१० सालीं गुवाहाटीस त्यांची निवड झाली. २०१४ सालीं त्यांच्या जागीं मलंकार विधीचे कार्डिनल बसेलियोस क्लीमिस निवडले गेले, वयानें पंधरा वर्षांनीं लहान. २०१८ सालीं क्लीमिस उठले व ग्रेशियस पुन्हां बसले. आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत बंगळूरास त्यांच्यामागून सिरो-मलबार विधीचे, त्रिचूरचे आर्चबिशप अँड्र्यूज थाझथ यांची निवड झाली.