वाघिणींची सांगड

आगगाडीची लहान प्रतिकृती करण्याचा छंद ज्यास जडतो तो प्रथम इंजिनाकडे पाहतो आणि मग डब्यांच्या रंगाकडे. दोन वाघिणींच्या मधल्या जागेकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते, आणि नेमके तेथेच त्याचे सोंग उघडे पडते. दुकानातून आणलेल्या वाघिणीच्या टोकास काळ्या प्लास्टिकचे सेंटिमीटरभर रुंदीचे एक कडे असते. प्रतिकृतीचे माप खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे धरले, तर हे कडे खऱ्या गाडीवर जवळजवळ पाऊण-एक मीटर रुंद भरेल. असे अवजड आयुध कोणत्याही रेल्वेच्या वाघिणीस कधी लावलेले नाही.

मग खरा आकडा कोणता, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे एकच एक उत्तर मात्र देता येत नाही. वाघीण कोणत्या मापाच्या रुळावरची आणि कोणत्या सालातली, हे ठरल्यावाचून तिच्या टोकास काय लावावे हे ठरत नाही. यास्तव छांदिष्टाने बाजारातील मालाची यादी पाहण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा हे उत्तम.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या गाडीस चौदा डबे होते, हे शाळेतील मुलांना पाठ असते. ते डबे एकमेकांस कशाने बांधले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आपल्याकडे आगगाडी आली ती इंग्लंडातून, आणि तिच्याबरोबर तेथील सांगडही आली. मालवाघिणींसाठी इंग्लंडात तीन कड्यांची साधी साखळी वापरीत. ती सैल असे. इंजिनाने ओढ घेतली की एकेक साखळी ताणली जाई आणि खडखडाट गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाई. माल तक्रार करीत नाही. उतारूंना मात्र असे धक्के सोसवेनात. लिव्हरपूल आणि मँचेस्टर रेल्वेचे हेन्री बूथ यांनी १८३० नंतरच्या दशकात यावर फिरकीची सांगड काढली. दोन कड्यांच्या मध्ये एक लोखंडी दांडा, त्याच्या एका अर्ध्यास उजवे आटे आणि दुसऱ्यास डावे. दांडा फिरविला की दोन्ही कडी जवळ येतात, डब्यांचे बफर एकमेकांस टेकतात आणि गाडी एकसंध होते. ही युक्ती इतकी नामी ठरली की आपल्या रुंदमापी रेल्वेने ती मालवाघिणींनाही लावली, आणि पुढे कित्येक पिढ्या तीच चालली.

पण हा दांडा फिरविणार कोण? त्यासाठी माणसाने बफरांखालून वाकून दोन वाघिणींच्या मध्ये शिरावयाचे, जड कडे उचलून समोरच्या आकड्यात अडकवावयाचे आणि उभ्या उभ्या फिरकी आवळावयाची. इंग्लंडात तीन कड्यांची साखळी निदान लांब काठीच्या टोकास आकडा लावून बाहेरून चढविता येई. फिरकी तशी आवळता येत नाही. पावसात, अंधारात, दिव्याच्या इशाऱ्यावर विसंबून यार्डातील माणसे हे काम करीत आली. इंजिन ड्रायव्हरचा इशारा समजण्यात क्षणाचा घोटाळा झाला, की आत गेलेला माणूस दोन बफरांच्या मध्ये सापडलाच. एका सुखाची सोय करताना दुसऱ्याच्या जिवाची जोखीम वाढावी, याचे हे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेत स्थिती याहून वाईट होती. तेथे कडी आणि खुंटी अशी सांगड असे. वाघीण चालत येत असतानाच कडी हाताने धरून समोरच्या खाचेत घालावयाची आणि वरून खुंटी सोडावयाची. ज्याची दोन-तीन बोटे तुटलेली तो अनुभवी कामगार, अशी तेथे ओळखच पडून गेली होती. एलाय जॅनी या व्हर्जिनियातील गृहस्थाने यावर उपाय शोधला. यादवी युद्धानंतर तो एका दुकानात कारकुनी करी आणि फावल्या वेळात चाकूने लाकूड कोरून नमुने बनवी. १८७३ साली त्यास पेटंट मिळाले. त्याची सांगड म्हणजे बोटे वाकवून एकमेकांत अडकविलेले दोन हात. वाघिणी एकमेकींवर आल्या की ती आपोआप मिटते, आणि सोडविण्यासाठी वाघिणीच्या बाजूस असलेला दांडा बाहेरूनच उचलावयाचा असतो. मध्ये शिरण्याचे कारणच उरत नाही. इतके असूनही रेल्वे कंपन्यांनी ती आनंदाने स्वीकारली असे नाही. खर्च कंपनीचा आणि बोटे कामगाराची, अशी वाटणी असल्यावर घाई कोणास असणार? आयोवातील लोरेंझो कॉफिन यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कोठे १८९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायद्याने आपोआप जुळणारी सांगड सक्तीची केली.

जपानने केले ते तर ऐकण्याजोगे आहे. तेथेही इंग्रजी वळणाची फिरकी होती. जपानी रेल्वेने नव्या सांगडी आधीच बनवून वाघिणींच्या पोटाशी टांगून ठेवल्या, त्यांच्यासह वाघिणी काही काळ धावल्या, आणि १९२५ च्या जुलै महिन्यात नेमलेल्या दिवशी मालगाड्या थांबवून जुने काढून नवे बसविले. होन्शू बेटावरील काम मुख्यतः एका दिवसात उरकले. असे करावे लागण्याचे कारण उघड आहे. जुनी आणि नवी सांगड परस्परांत जुळत नाही. अर्ध्या वाघिणी बदलून अर्ध्या तशाच ठेवल्या, तर कोणतीच गाडी धड जोडता येत नाही.

आपल्या देशात असा एक दिवस उगवला नाही. स्वातंत्र्यानंतर मोठ्या बॉक्स वाघिणी आल्या त्या मध्यभागी जॅनीच्या वंशातील सांगड घेऊन; पण त्यांच्याबरोबर जुन्या चारचाकी वाघिणीही रुळावर होत्याच. म्हणून दोन्ही प्रकार जुळतील अशी मधल्या काळाची सांगड योजावी लागली. तिच्यात पंजाही असे, त्यास अडकविलेली फिरकीही असे आणि दोन्ही बाजूंस बफरही असत. मालगाड्या पुढे पंजाच्या झाल्या. उतारूंच्या डब्यांचे तसे झाले नाही. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेले डबे बहुतांशी फिरकीचेच राहिले, आणि तसे डबे बनविणे २०१८ साली थांबले. जर्मन आराखड्याचे, बाजूस बफर नसलेले डबे २००० सालाच्या सुमारास आले. जुने डबे आहेत तोवर इंजिनास दोन्ही साधने बाळगावी लागतात, आणि मध्ये शिरणारा माणूसही सुटत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात बिहारमधील बरौनी जंक्शनवर इंजिन सोडविताना एक रेल्वे कामगार इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. जॅनीच्या पेटंटास तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.

आता पुन्हा टेबलावरच्या गाडीकडे वळू. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले झाले. तेथील माप वर सांगितले तेच, म्हणजे सत्त्याऐंशीस एक. या मापातील रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो. सत्त्याऐंशीपट केला की तो १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपाचा होतो. आपले रुंद माप १६७६ मिलिमीटरचे, तेव्हा त्यास सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. बहुतेक छांदिष्ट येथे डोळेझाक करतात, आणि ती क्षम्य मानावी. रुळातले पावणेतीन मिलिमीटर पाहणाऱ्याच्या नजरेस येत नाहीत. वाघिणींमधली चुकीची सांगड मात्र येते.

फिरकीची हुबेहूब सांगड पितळी पत्र्याची आणि तारेची करता येते. अडचण असते ती वळणाची. भारतीय रुंदमापी रुळाचे तीव्रातले तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे. प्रतिकृतीत ते दोन मीटरचे झाले. एवढी जागा घरी कोणाकडे असते? टेबलावर पाऊण नाही तर अर्धाच मीटर मिळतो. तेथे वाघिणी वळल्या की आतल्या बाजूचे बफर एकमेकांत अडकतात आणि वाघीण रुळाबाहेर जाते. प्लास्टिकचे ते ओबडधोबड कडे वाघिणींना दूर ठेवते, म्हणून तर ते चालते. यावर तोडगा असा की नेहमी एकत्रच राहणाऱ्या वाघिणी आतल्या बाजूने फिरकीने जोडाव्यात, बफरांना आत स्प्रिंग द्यावी, आणि बाजारी आकडा फक्त दोन्ही टोकांस ठेवावा. पंजाच्या सांगडीचे काम त्या मानाने सोपे आहे. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात एडवर्ड्स बंधूंनी केडी या नावाने पंजाची लहान सांगड काढली. तिच्या खाली लोंबणारी पोलादी तार रुळांमधील लोहचुंबकावर आली की पंजा उघडतो. नव्या बॉक्स वाघिणींना ती शोभते. १९५० सालच्या चारचाकी वाघिणीस लावली तर मात्र ती तितकीच खोटी दिसते, मग कारागिरी कितीही सुबक असो.

मीटरमापाची गोष्ट वेगळीच. नार्नूर येथील एखाद्या मुलाने आपल्या मुलखातील गाडी करावयाची ठरविली असे समजा. नार्नूरला रूळ पोचलेला नाही; जिल्ह्याचे स्टेशन आदिलाबाद. कापसाच्या या मुलखास निजामाच्या राज्यात मुदखेडहून किनवटमार्गे मीटरमापी फाटा आला, आणि पुढे तो रुंद मापाचा झाला. मुलाने आजची मालगाडी केली तर पंजा हवा. आजोबांच्या आठवणीतली केली तर बाजूचे बफर काढून टाकावे लागतील, कारण मीटरमापी वाघिणीस मधोमध एकच बफर असे आणि त्यातलाच आकडा समोरच्या बफराच्या खाचेत पडे. हे काम करावयास त्यास फारसे कष्ट नाहीत. मधला एकटा बफर वळणावर अडकत नाही. शिवाय युरोपातील मीटरमापी प्रतिकृतींसाठी बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो, आणि आपल्या मीटरमापास साडेअकरा लागतात. मधल्या बफराची ठेवण डोळ्यांनी पाहावयाची तर नागपूरच्या मोतीबागेतील अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय फार लांब नाही. तेथील माप आणखी लहान असले तरी एका बफराची रीत तीच.

अधिक धीटपणा असेल तर त्याने मनमाड करावे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे निजामाची मीटरमापी गाडी आणि जी. आय. पी. रेल्वेची रुंदमापी गाडी समोरासमोर येत. एकीकडे दोन बफर आणि फिरकी, दुसरीकडे मधला एक बफर. माप निराळे, सांगड निराळी. मराठवाड्याकडून आलेली वाघीण मुंबईच्या गाडीस जोडण्याचा मार्गच नव्हता. मुंबईस जावयाचा माल एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जाई. त्या दोन रुळांमधल्या फलाटावर गाठी वाहणाऱ्या माणसांच्या लहान आकृती मांडावयास त्याने विसरू नये.