वेताळकथांची क्रमवारी : इंद्रजाल कॉमिक्स आणि मुंबईची उपनगरे

ली फॉक यांच्या वेताळकथांपैकी सर्वांत सरस कोणती, हा वाद मुंबईच्या उपनगरांत रुजला तो इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन अँड कंपनीने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि एप्रिल १९९० मध्ये बंद केली. या २६ वर्षांत तिचे ८०० हून अधिक अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा अनेक भाषांत ते वाचले गेले. मूळ इंग्रजीतला ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव असल्याने जंगलाचे रक्षण करणाऱ्या या मुखवटेधारी वीराला ते नाव सहज शोभले.

फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाला. ११ जून १९३४ रोजी त्यांची ‘मँड्रेक’ ही जादूगाराची चित्रपट्टी वृत्तपत्रांत सुरू झाली आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून ‘फँटम’ छापला जाऊ लागला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घातलेला हा नायक सुपरमॅनच्या दोन वर्षे आधीचा आहे. त्याच्याकडे कोणतीही अद्भुत शक्ती नाही. सोळाव्या शतकात चाच्यांनी बापाला मारल्यावर वाचलेला मुलगा बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध शपथ घेतो. त्याचा मुलगा, मग नातू तोच पोशाख चढवतो. त्यामुळे बाहेरच्या जगाला तो अमर वाटतो. आजच्या कथांतला वेताळ या घराण्यातला एकविसावा. फॉक हे मुळात नाटकवाले होते. त्यांनी सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली आणि १०० च्या आसपास नाटके बसवली. चौकटीतले आटोपशीर संवाद आणि प्रसंग नेमक्या ठिकाणी तोडण्याची सवय यांत ती रंगभूमी दिसते.

या कथांचे भारताशी नाते इंद्रजालच्या आधीपासूनचे होते. वेताळाच्या मागे उभी राहणारी ‘बांदार’ ही बुटक्या लोकांची जमात फॉक यांनी किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या वानरांवरून बेतली, आणि किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला होता. सुरुवातीच्या कथांत वेताळाचे जंगल बंगालची आठवण देणाऱ्या नावाचे होते, चाच्यांची टोळी ‘सिंग’ होती आणि वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’. भारतात या चित्रपट्ट्या १९४० च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त येऊ लागल्या. पुढे इंद्रजालने हा माल थेट भारतीय मुलांच्या हाती द्यायचे ठरवले तेव्हा ही नावे अडचणीची ठरली. म्हणून देशाचे नाव ‘डेंकाली’ केले, ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले आणि ‘रामा’चा ‘रामालू’. भारतीय खुणा घेऊन रचलेल्या कथा भारतात येताना त्या खुणा पुसूनच आल्या.

इंद्रजालच्या उभारणीत अनंत पै यांचा वाटा होता. ते तेव्हा टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात होते. १९६७ मध्ये तेथून बाहेर पडून त्यांनी इंडिया बुक हाऊससाठी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. इंद्रजालचा पहिला अंक वेताळाचा पट्टा या विषयावरचा होता आणि पहिले ३२ अंक सलग वेताळाचेच होते. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आलटून पालटून येऊ लागली. सुरुवातीच्या सुमारे ५० अंकांची रंगवलेली मुखपृष्ठे गोविंद ब्रह्मनिया यांची होती. १९७६ च्या अखेरीस आबिद सुरती यांनी लिहिलेला ‘बहादूर’ मालिकेत दाखल झाला. दरोडेखोराचा मुलगा असलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो आणि नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो; त्याची चित्रेही ब्रह्मनिया यांनीच काढली.

क्रमवारीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंद्रजालने केलेली काटछाट. वृत्तपत्रातली रोजची पट्टी आठवड्याचे सहा दिवस छापली जाई आणि प्रत्येक पट्टीत तीन-चार चौकटी असत. चार महिने चाललेल्या कथेच्या शंभरावर पट्ट्या, म्हणजे तीनशेच्या वर चौकटी होत. इंद्रजालच्या पहिल्या दहा अंकांत वेताळकथेच्या वाट्याला सोळाच पाने होती. उरलेल्या पानांत माहितीपर मजकूर असे. एवढ्या जागेत मूळ कथेतल्या निम्म्या चौकटीही मावणे कठीण होते. पुढे पाने वाढली तरी कात्री थांबली नाही. तिने काही नुकसान केले, काही फायदाही. वृत्तपत्रात कालच्या घटनेची उजळणी रोज करावी लागे. ती गेल्याने कथा वेगवान झाली. पण वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांच्यातले संथ प्रसंग, गावगप्पा, जंगलातल्या म्हणी आणि फॉक यांचा मिस्कील विनोद यांनाही कात्री लागली. इंद्रजालच्या वाचकाला भेटलेले फॉक मूळ फॉकपेक्षा घाईत असलेले लेखक होते.

हे अंक ज्या उपनगरांत फिरले त्यांची घडणही याच सुमाराची. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतचा आणि घाटकोपर-भांडुपपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. १९५७ मध्ये पश्चिमेला बोरिवली-दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत हद्द वाढली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून कुटुंबे गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत आणि म्हाडाच्या वसाहतींत राहायला आली. घरातला कमावता माणूस लोकलने कामाला जाई आणि स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर नवा अंक टांगलेला दिसे. प्रत्येक अंक विकत घेणे मात्र थोड्याच घरांना परवडे. ही उणीव भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी भरून काढली. मुंबईत या धंद्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘शेमारू’. १९६२ मध्ये वॉर्डन रोडवर पुस्तके भाड्याने देण्यापासून सुरू झालेली ही संस्था १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटकडे वळली; आज तिचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये आहे. उपनगरांत हेच काम लहान प्रमाणावर इमारतीच्या जिन्याखालच्या खोल्यांत, स्टेशनरीच्या दुकानांत आणि मे महिन्याच्या सुट्टीपुरत्या मांडलेल्या टेबलांवर चाले. थोडे डिपॉझिट ठेवायचे आणि रोजच्या भाड्याने अंक न्यायचा. टिकाव लागावा म्हणून चार-पाच अंक एकत्र बांधून त्यांना पुठ्ठ्याची बांधणी केली जाई.

या व्यवस्थेतून क्रमवारीची पहिली रीत निघाली. जो अंक कायम बाहेर असे, ज्याची पाने आधी सुटत, ज्याच्यासाठी दोन साध्या अंकांची अदलाबदल मागितली जाई, तो चांगला. वाचक लेखकाचे नाव घेऊन अंक मागत नव्हता. तो वेताळ मागत होता. मँड्रेकचा आणि वेताळाचा लेखक एकच आहे, हे अनेकांच्या लक्षात फार उशिरा आले. ‘फॉक यांच्या श्रेष्ठ कथा’ अशी यादी होण्यासाठी आधी लेखक नावाने माहीत व्हावा लागला, आणि ते घडले मालिका बंद पडल्यावर.

१९८० च्या दशकात मालिकेला उतरती कळा लागली. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, पुस्तकांची वाचनालये कॅसेटची दुकाने झाली, आणि डायमंड व राज यांसारख्या प्रकाशनांनी देशी नायकांची स्वस्त पुस्तके बाजारात आणली. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० मध्ये निघालेल्या ‘टिंकल’ने शाळकरी वाचक खेचला. साप्ताहिक झालेले इंद्रजाल १९९० मध्ये थांबले. वाचनालयांनी साठा काढून टाकला, तो रद्दीवाल्याकडे गेला. रद्दीतून निवडलेले अंक माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळच्या आणि फोर्टातल्या पदपथांवरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे आले. लहानपणी भाड्याने वाचलेले अंक नोकरीला लागल्यावर विकत घेणारा संग्राहक इथे तयार झाला. त्याच्या हातात अंक क्रमाने आल्यावर तुलना शक्य झाली आणि चवीवरच्या गप्पांची जागा याद्यांनी घेतली.

या याद्यांत काही कथा वारंवार वर येतात. पहिली अर्थातच पट्ट्याची, मूळ १९५४ ची. बापाचा खुनी आणि त्याने पळवलेला पट्टा यांचा शोध घेणारी ही कथा एकविसाव्या वेताळाला नुसता साहसवीर न ठेवता मुलगा करते. इंद्रजालचा पहिला अंक असल्याने तिला जास्तीचा मानही मिळतो. दुसरी, जंगल गस्ती दलाच्या स्थापनेची, १९५२-५३ ची. सहाव्या वेताळाने रेडबिअर्ड नावाच्या चाच्याला हाताशी धरून हे दल उभारले, अशी ती हकीकत. गुन्हेगारांतून शिस्तीचे दल घडते ही कल्पना वाचकांना भावते. तिसरी, मुकारच्या गुलामबाजाराची, १९६१ ची. तुरुंगातून गायब होणाऱ्या कैद्यांचा माग काढत वेताळ गुलामांच्या लिलावापर्यंत पोहोचतो. या कथेचे काम चालू असतानाच चित्रकार विल्सन मॅककॉय यांचे निधन झाले आणि साय बॅरी यांनी सूत्रे हाती घेतली, म्हणून तिला ऐतिहासिक महत्त्वही आहे. वेताळाच्या बालपणाची १९४४ ची रविवारची मालिका आणि १९७७ मधले डायनाशी लग्न यांनाही ठरलेली जागा असते. चार दशके लांबलेल्या त्या लग्नाला मँड्रेकही हजर होता. मँड्रेकच्या कथांत कोब्राला तोड नाही. १९३४ च्या पहिल्याच कथेतला हा खलनायक १९६५ मध्ये चांदीचा मुखवटा चढवून परतला.

वाद होतात ते तीन मुद्द्यांवर. पहिला चित्रकाराचा. बॅरी यांनी १९६१ ते १९९४ अशी तेहेतीस वर्षे वेताळ रेखाटला. त्यांची रेघ ठाशीव आणि वास्तवाला धरून आहे. इंद्रजालवर वाढलेल्या पिढीला तोच खरा वेताळ वाटतो, आणि मॅककॉय यांची साधी, बाळबोध चित्रे पाहून कथेलाच कमी गुण दिले जातात. दुसरा मुद्दा काळाचा. रे मूर यांनी रेखाटलेल्या १९३६-३७ च्या कथा, विशेषतः ‘सिंग’ चाच्यांची पहिली कथा आणि हवाई लूट करणाऱ्या स्त्रियांच्या टोळीची कथा, जगभरच्या चाहत्यांकडे फार वर असतात. इंद्रजालच्या वाचकांच्या आठवणीत त्यांना तितकी जागा नाही. तिसरा मुद्दा पूर्वजांच्या कथांचा. आपल्या निवासस्थानी, कवटीच्या गुहेत ठेवलेल्या जुन्या बखरी उघडून वेताळ आपल्या पूर्वजाची हकीकत वाचतो, असा या कथांचा साचा आहे. काहींना त्यात फॉक यांची खरी ताकद दिसते, कारण एका नायकाऐवजी एक परंपरा उभी राहते. इतरांना चालू काळातला थरार हवा असतो. बखर आणि घराण्याचा वारसा यांवर पोसलेल्या मराठी वाचकाचा कल पहिल्या बाजूला झुकला तर नवल नाही.

पूर्ण कथा हाती आल्यावर हे गुण पुन्हा तपासले गेले. ऑस्ट्रेलियात फ्रू प्रकाशन १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ १९५० पासून या कथा छापत आले आहे. त्यांच्या प्रतींशी आणि मूळ पट्ट्यांच्या संग्रहांशी इंद्रजालचे अंक ताडून पाहता येऊ लागले. गाळलेल्या चौकटी दिसल्या, बदललेली नावे कळली. तुटक वाटणाऱ्या काही कथा मुळात नीट बांधलेल्या निघाल्या. उलट, वेगासाठी वाखाणलेल्या काही कथा मुळात पसरट होत्या. तो वेग मुंबईतल्या संपादकीय टेबलावर आला होता.

फॉक यांनी १३ मार्च १९९९ रोजी निधन होईपर्यंत दोन्ही पट्ट्यांचे लेखन सोडले नाही. त्यामुळे मोजायला सहा दशकांहून अधिक काळाचे लेखन आहे आणि कोणतीही यादी त्यातल्या थोड्या भागाचीच असते. उपनगरांतल्या वाचकांची यादी तर दोनदा गाळलेली आहे: आधी इंद्रजालच्या संपादकांनी निवडलेले, मग वाचनालय आणि रद्दी यांतून टिकलेले. तिला फॉक यांच्या साहित्याचे अंतिम मूल्यमापन म्हणता येणार नाही. एका शहराने ते साहित्य कसे वाचले याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. ती पारखताना कथा कोणत्या आवृत्तीत, कोणत्या भाषेत आणि किती पानांत वाचली गेली, हे आधी पाहावे.